घर कुणाचं, आणि राहणार कोण?

मागच्या व्याख्यानात आपण 'मालकी' या कल्पनेविषयी बोललो, तेव्हा शेवटी एका ताईंनी विचारलं होतं, "सर, बाईच्या घराचं काय?" वेळ संपली होती, म्हणून मी म्हटलं, पुढच्या वेळी. तर आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे, किंवा उत्तराचा प्रयत्न. मी कायद्याचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण न्यायालयाचा निकाल हाही एक ग्रंथच असतो आणि त्याच्यातल्या युक्तिवादाची चिकित्सा करण्याचा अधिकार कुणाही वाचकाला आहे, असं मी मानतो.

एका घरगुती गोष्टीपासून सुरुवात करतो. माझ्या लहानपणी आमच्या घरी एक आत्या होती. वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तीनेक वर्षांत परत आली, का आली ते आम्हा मुलांना कधी सांगितलं गेलं नाही. त्यानंतर ती आमच्याकडे चाळीस वर्षं होती. माजघरात एका कोपऱ्यात तिची ट्रंक. घरात पुढे दोन कपाटं आली, तिसरं गोदरेजचं आलं, पण आत्याचे कपडे शेवटपर्यंत ट्रंकेतच. आता भाषेकडे लक्ष द्या. पाहुण्यांनी विचारलं, की आई म्हणायची, "वन्सं आमच्याकडे असतात." माझ्याबद्दल मात्र, "हा पुण्याला राहतो." आत्या 'असायची'. 'राहायची' नाही. चाळीस वर्षं स्वयंपाक करून, आम्हा चार भावंडांची दुखणी काढून, ती त्या घरात फक्त असायची. मी या विषयावर प्रबंध लिहिला असता तरी चाललं असतं, पण मी प्रबंध लिहिला तो कांटवर, आणि लिहिताना समोरची ट्रंक मला दिसली नाही.

'राहणं' आणि 'असणं' यांतला हा फरक कायद्यात उतरला तो २००५ साली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम. राष्ट्रपतींची संमती १३ सप्टेंबर २००५ ची, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून. गंमत बघा, त्याच्या चारच दिवस आधी, ९ सप्टेंबर २००५ ला, हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली होती. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हिस्सा मिळाला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्याच दुरुस्तीने जुनं कलम २३ काढून टाकलं, हे फारसं कुणाला आठवत नाही. काय होतं त्या कलमात? वडिलांच्या राहत्या घरात मुलीला राहण्याचा हक्क होता, पण कधी? ती अविवाहित असेल, विधवा असेल, किंवा नवऱ्याने टाकलेली वा त्याच्यापासून वेगळी झालेली असेल तर. म्हणजे घरात पाऊल ठेवण्यासाठी आधी आयुष्य मोडलेलं पाहिजे! नांदत्या मुलीला माहेरी राहण्याचा हक्क नाही. आणि सासरी? सासरी ती नांदते, पण घर सासऱ्याचं, नवऱ्याचं, दिराचं. संस्कृत सुभाषित सांगतं, की गृहिणी म्हणजेच घर. सातबारा मात्र असं काही सांगत नाही.

आता २००५ च्या कायद्याचा मजकूर. कलम १७ म्हणतं, की कौटुंबिक नात्यात असलेल्या प्रत्येक स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क असेल, मग त्या घरात तिचा मालकी हक्क, हितसंबंध असो वा नसो. आणि कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीशिवाय तिला तिथून बाहेर काढता येणार नाही. 'सामायिक घर' म्हणजे काय, हे कलम २ मध्ये सांगितलंय : जिथे ती राहते, किंवा कोणत्याही टप्प्यावर राहिलेली आहे. शब्द साधे आहेत. मालकी एका बाजूला, राहणं दुसऱ्या बाजूला, आणि दोघांमध्ये कायद्याने स्वतःच्या हाताने रेघ मारलेली आहे.

ही रेघ किती दिवस टिकली? पन्नास. २६ ऑक्टोबरला कायदा लागू झाला आणि १५ डिसेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी बत्रा खटल्याचा निकाल दिला. दिल्लीचं प्रकरण. जोडपं सासूच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होतं. भांडण झालं, घटस्फोटाचा दावा, पोलीस तक्रार, सगळं झालं. सून माहेरी गेली. परत आली तर घराला कुलूप. न्यायालय म्हणालं, घर सासूच्या मालकीचं आहे, ते सामायिक घर नव्हे. सामायिक घर कोणतं? जे नवऱ्याच्या मालकीचं आहे किंवा त्याने भाड्याने घेतलंय, अथवा नवरा ज्या एकत्र कुटुंबाचा सदस्य आहे त्या कुटुंबाचं. कलमात 'मालकी असो वा नसो' असं लिहिलेलं असताना निकालात मालकी पुन्हा मुख्य दाराने आत आली.

या निकालाचा युक्तिवाद मला शिकवण्यासारखा वाटतो, कारण त्यातली चूक तर्कशास्त्राच्या वर्गात दाखवता येते. न्यायालय म्हणतं, 'कोणत्याही टप्प्यावर राहिलेली' हे शब्द जसेच्या तसे घेतले, तर नवराबायको आजोबांकडे चार दिवस राहिले, मामाकडे राहिले, काकाकडे राहिले, तर ती सगळी घरं सामायिक ठरतील आणि गोंधळ माजेल. याला आपण अनर्थापत्ती म्हणतो : अमुक अर्थ घेतला तर हास्यास्पद निष्कर्ष निघतो, म्हणून तो अर्थ चुकीचा. पद्धत उत्तम आहे. पण तिने काय सिद्ध होतं? इतकंच, की 'राहणं' या शब्दाचा अतिव्याप्त अर्थ चुकीचा आहे. मामाकडे सुट्टीला जाणं म्हणजे राहणं नव्हे, हे शाळकरी पोरालाही कळतं. यावर उपाय काय? 'राहणं' म्हणजे काय ते नीट ठरवा. न्यायालयाने ते केलं नाही, तर 'राहणं' हा निकषच उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी 'मालकी' आणून बसवली. मराठीत आपण याला काय म्हणतो? ढेकणाच्या भीतीने घर जाळणं. इथे तर शब्दशः. (हशा)

कायद्याची शब्दरचना ढिसाळ आहे, असाही शेरा त्या निकालात आहे. असेलही. पण ढिसाळ वाक्याचा अर्थ लावताना, ते वाक्य ज्या हेतूने लिहिलं त्याच्या बाजूने लावायचा, की उलट? इंग्लंडमध्ये १९६७ साली वैवाहिक घराविषयीचा कायदा झाला, तसा भारतात नाही, ही जुनी नोंदसुद्धा या निकालात आली आहे. तिथलं आधी काय झालं होतं तेही ऐका. लॉर्ड डेनिंग यांनी १९५० च्या दशकात, नवऱ्याने टाकलेल्या बायकोला घरात राहण्याचा एक प्रकारचा न्याय्य हक्क आहे, असं निकालांमधून मांडायला सुरुवात केली. १९६५ मध्ये एका बँकेच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ते मोडीत काढलं. घर बँकेकडे गहाण, नवरा निघून गेलेला, आत बायको आणि मुलं. लॉर्ड म्हणाले, तिचा हक्क नवऱ्याविरुद्ध आहे, घरावर नाही. मग संसदेने दोन वर्षांत कायदा केला. आपल्याकडे क्रम उलटा झाला. संसदेने कायदा आधी केला आणि न्यायालयाने पन्नास दिवसांत तो १९६५ च्या लॉर्डांच्या जागी नेऊन ठेवला. तिचा जो काही हक्क असेल तो नवऱ्याविरुद्ध, सासूसासऱ्यांविरुद्ध नाही.

'नवऱ्याविरुद्ध' हे ऐकायला बरं वाटतं. पण आपल्या शहरातलं वास्तव काय आहे? घर वडिलांच्या नावावर, किंवा आईच्या. मुलगा पस्तिशीचा, नोकरी करतो, त्याच्या नावावर एक दुचाकी. बत्रा निकालानंतर एक सोपा मार्ग तयार झाला. नवऱ्याने बाहेर भाड्याची खोली घ्यायची. आईवडिलांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, मुलगा व सून आमच्या सांगण्यात नाहीत, त्यांच्याशी आमचा संबंध नाही. मग सासऱ्यांनी दावा लावायचा : ही बाई माझ्या घरात परवानगीने राहत होती, आता परवानगी काढली. कालपर्यंत जी सून होती, ती दाव्यात 'परवानाधारक' होते. हे मी वर्तमानपत्राच्या त्या लहान टायपातल्या पानावर कितीतरी वर्षं वाचत आलोय.

आमच्या मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रोशन दळवी यांनी २०११ मध्ये, या कायद्यात मालकीचा प्रश्न गौण आहे, हे स्पष्टपणे मांडलं होतं. पण बत्रा निकाल रद्द व्हायला २०२० उजाडावं लागलं.

१५ ऑक्टोबर २०२०, आहुजा खटला. पुन्हा दिल्ली. सासऱ्यांनी सुनेविरुद्ध दावा लावला, घर खाली करा. दावा कुणाविरुद्ध? फक्त सुनेविरुद्ध. मुलाचं नाव दाव्यात नाही. कायदेपंडितांनी या निकालातल्या 'म्हणजे' आणि 'यांत समाविष्ट' या दोन शब्दांवर पुष्कळ लिहिलंय, पण मला सगळ्यांत बोलकी वाटते ती ही रिकामी जागा. हिंसेचा आरोप ज्याच्यावर, ज्याच्यामुळे ती या घरात आली, तोच कागदावर नाही. वडील विरुद्ध सून. मुलगा जणू हवेत विरला. उच्च न्यायालयाने म्हटलं, नवऱ्याला सामील करून घ्या, निवारा देण्याची जबाबदारी त्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाचं मत, तो आवश्यक पक्ष नसला तरी उचित पक्ष आहे. तांत्रिक भाषा आहे, पण तिच्या मागे एक नैतिक प्रश्न उभा आहे : बायको आणि आईबाप यांना समोरासमोर उभं करून मधून निघून जाणाऱ्या पुरुषाचं काय करायचं?

आहुजा निकालाने बत्रा निकाल चुकीचा ठरवला. आणि मघाशी मी म्हटलं ते काम केलं, 'राहणं' या शब्दाचा अर्थ लावला. राहण्याला काही स्थैर्य हवं, वास्तव्याचं स्वरूप आणि त्यामागचा उद्देश पाहिला पाहिजे. झालं! मामाचं घर आपोआप वगळलं गेलं. चौदा वर्षं ज्या गोंधळाची भीती होती तो एका परिच्छेदात मिटला. पुढे दोनच महिन्यांनी, योगायोगाने पुन्हा १५ डिसेंबरलाच, वनिता खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, की ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा वापरून सुनेचा निवासाचा हक्क सरसकट पुसता येणार नाही. त्या प्रकरणात बंगळूरचं घर आधी नवऱ्याच्या नावावर, मग सासऱ्यांच्या, मग बक्षीसपत्राने सासूबाईंच्या. घर जागेवरच होतं, फक्त कागद फिरत होता. आणि २०२२ च्या प्रभा त्यागी खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं : तरुण विधवा, सासरच्या त्या घरात प्रत्यक्ष राहायला मिळालंच नाही, तरी हक्क आहे.

इथे तत्त्वज्ञानाकडे वळतो, थोडा वेळ सहन करा. लॉकने सांगितलं, की माणूस आपले श्रम एखाद्या वस्तूत मिसळतो तेव्हा ती त्याची होते. या न्यायाने आमचं वाड्यातलं माजघर कुणाचं व्हायला हवं होतं? पण लॉकचा सिद्धांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकतो. शेत नांगरणं म्हणजे श्रम, भाकरी थापणं म्हणजे माया. आणि माझा कांट. १७९७ च्या ग्रंथात त्याने कुटुंबासाठी हक्कांचा एक खास वर्ग काढला : वस्तूवरच्या हक्कासारखा व्यक्तीवरचा हक्क. पतिपत्नींपैकी एकजण घर सोडून गेला, तर दुसऱ्याला त्याला वस्तूसारखं परत आणण्याचा अधिकार आहे, असं तो लिहितो. नियम दोघांना सारखा, हे कांटचं मोठेपण. पण परत कुठे आणायचं? घरात. कुणाच्या? हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. तो स्वतः अविवाहित, एकोणसाठाव्या वर्षी स्वतःचं घर घेतलेला.

मला या विषयात मदत झाली ती जेरेमी वॉल्ड्रन यांच्या १९९१ च्या एका लेखाची. विषय बेघरांचा आहे, स्त्रियांचा नाही. ते म्हणतात, कोणतीही कृती करायला जागा लागते. झोपायला, धुवायला, रडायलासुद्धा. ज्याला कुठेही हक्काने असता येत नाही, त्याला कोणतीही गोष्ट हक्काने करता येत नाही. म्हणजे स्वातंत्र्य ही हवेतली गोष्ट नाही, तिला चौरस फूट लागतात. हे वाचलं आणि मला आत्याची ट्रंक आठवली. ती कधी मोठ्याने बोलली नाही, कधी कुणाशी भांडली नाही. आम्ही म्हणायचो, किती शांत स्वभाव! स्वभाव कसला? भांडायला पायाखाली जमीन लागते. मार खाणारी बाई तक्रार का करत नाही, असं विचारणाऱ्यांनी आधी, तक्रार केल्यावर ती रात्री कुठे झोपणार, हे विचारावं. म्हणून निवासाचा हक्क हे या कायद्यातलं एक पोटकलम नाही, बाकीचे हक्क त्याच्यावर उभे आहेत. महाराष्ट्रात हे न्यायालयाच्या आधी चळवळीला कळलं होतं. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, निशा शिवूरकर आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. पुढे सरकारने 'घर दोघांचे' म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना आठ-अ वर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायचं ठरवलं, त्याची मुळं अशा चळवळींत आहेत.

आता माझं टीकेचं शेवटचं टोक, आणि ते थोडं माझ्यावरही येतं. आहुजा निकाल म्हणतो, सुनेचा हा हक्क अभेद्य नाही. वृद्ध सासूसासऱ्यांच्या शांततेने जगण्याच्या हक्काशी त्याचा समतोल साधावा. मी आज सासऱ्याच्या वयाचा आहे. सदनिका माझ्या नावावर आहे. उतारवयात घरात रोज आरडाओरडा, पोलीस, याची धास्ती काय असते ते मला कळतं, ती खोटी नाही. सुनेचा छळ सोसणारे म्हातारे मी पाहिलेत. पण 'समतोल' या शब्दाशी माझं भांडण आहे. तराजूत दोन्ही पारड्यांत एकाच जातीची वस्तू लागते. इथे एका पारड्यात शांतता आहे, दुसऱ्यात छप्पर. कलम १९ न्यायदंडाधिकाऱ्याला पर्याय देतं : तिला त्याच दर्जाचं दुसरं घर द्या किंवा भाडं द्या. कागदावर हे समतोलाचं उत्तर आहे. पण भाडं देणार नवरा. दोन महिने देतो, तिसऱ्या महिन्यात नोकरी सुटते. मग ती घरमालकाच्या दारात, आणि पुन्हा न्यायालयाच्या. घराचं भाड्यात रूपांतर झालं, की हक्काचं रूपांतर थकबाकीत होतं. माझं म्हणणं इतकंच आहे, की आधी दुसरं घर प्रत्यक्ष मिळू दे, किल्ली तिच्या हातात पडू दे, मग पहिलं घर सोडायला सांगा. क्रम महत्त्वाचा आहे. आणि खर्चाचा पहिला भार कुणावर, तर त्या दाव्यातून गायब झालेल्या मुलावर.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. हा हक्क मिळतो तो बाई पीडित म्हणून. मार दाखवा, छळ दाखवा, मग राहा. जुनं कलम २३ आठवा, आयुष्य मोडलं तरच माहेरी जागा. कलम १७ चे शब्द 'प्रत्येक स्त्री' असे आहेत, पीडित स्त्री नव्हे, आणि प्रभा त्यागी निकालाने त्यावर बोटही ठेवलंय. पण व्यवहारात अर्ज कलम १२ खाली करायचा आणि तो करते पीडित स्त्री. सुखाने नांदणारीचा हक्क पुस्तकात झोपलेला असतो. शांता निसळ यांच्या कादंबरीचं नाव 'बेघर', तिच्यावर १९८२ साली चित्रपट आला त्याचं नाव 'उंबरठा'. मला वाटतं आपला कायदा या दोन शब्दांच्या मधे कुठेतरी उभा आहे. बेघर होऊ देणार नाही म्हणतो, पण उंबरठ्याच्या आत तिचं नाव लावत नाही. माझ्या सदनिकेच्या भाग दाखल्यावर माझ्या पत्नीचं नाव लागलं ते मी निवृत्त झाल्यावर, तेही सोसायटीच्या सचिवांनी फॉर्म पुढे केला म्हणून. तोवर स्त्रीप्रश्नावर माझी तीन व्याख्यानं झाली होती.

प्रश्न आलेत, एक दोन घेतो.

पहिला : "हा हक्क फक्त सुनेला आहे का? मुलाने आईला काढलं तर?" नाही, फक्त सुनेला नाही. आई, बहीण, मुलगी, सगळ्यांना. २०१६ चा हरसोरा खटला मुंबईतलाच. आई आणि मुलीने मुलगा, सून यांच्याविरुद्ध दाद मागितली होती. कायद्यात तेव्हा फक्त 'प्रौढ पुरुषा'विरुद्धच दाद मागता येईल असे शब्द होते, ते न्यायालयाने काढून टाकले. माझ्या आत्यालाही आज मागता आली असती. तिने मागितली असती का, ते मला सांगता येत नाही.

दुसरी चिठ्ठी नाव न घालता आली आहे : "मी मागच्या वर्षी जिवाच्या भीतीने घर सोडलं. आता हक्क गेला का?" ताई, नाही गेला. कायद्याचे शब्द 'राहिलेली आहे' असे आहेत, ते तुमच्यासाठीच आहेत. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, अर्ज भरायला तेच मदत करतात, वकील लगेच नसला तरी चालतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यावा असं कायदा म्हणतो. तसं नेहमी होत नाही, म्हणून अंतरिम आदेश पहिल्या दिवशीच मागा, कलम २३. आणि तुम्ही तिथे राहत होतात याचा जो कागद हाताशी असेल तो जपून ठेवा : रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मुलांच्या शाळेतला पत्ता, बँकेचं पत्र. खाली थांबा, इथल्या कार्यकर्त्या भगिनी तुम्हाला भेटतील, नाव सांगायची गरज नाही.